सासुरवाडीवरून गेलेली शर्यत

सायकलपटू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पदक, झेंडा आणि पाणावलेले डोळे येतात. माझ्या डोळ्यांसमोर टेम्पो ट्रॅव्हलरची मागची सीट येते. पुण्याहून आम्ही निघालो तेव्हा सायकली दुलयांत गुंडाळून नीट बांधलेल्या होत्या आणि आम्ही स्वार एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून आदळत होतो. आमचा कॅप्टन नील याला मात्र दोन सीट होत्या. त्याचे पाय मौल्यवान आहेत, असं आमच्या मॅनेजरचं मत आहे. आमचे पाय बहुधा घाऊक भावात आणलेले असावेत.

मी सायकल चालवून पगार घेतो. हे वाक्य मी आजवर असंख्य लोकांना सांगितलं आहे आणि प्रत्येकानं त्यावर, "ते ठीक, पण कामाला कुठं असता?" असंच विचारलं आहे. शिवाय मी जिंकण्यासाठी सायकल चालवत नाही. कॅप्टनच्या पुढे राहून त्याचा वारा अडवायचा, मागच्या गाडीतून त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं, हे माझं काम. आमच्या धंद्यात याला एक फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ घरगडी असा होतो. फ्रेंचमध्ये ऐकायला बरं वाटतं, म्हणून आम्ही तोच वापरतो.

टेंभुर्णीजवळ चहाला थांबलो तेव्हा मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "शिंदे, या शर्यतीनंतर दोघं कमी करायचेत. तुझं नाव कुठल्याच निकालात नाही. पहिल्या तिघांत दिसायला पाहिजेस, नाहीतर मालकांना मी काय दाखवू?"

"आणि शर्यतीत करायचं काय?"

"नीलला सोडायचं नाही," तो म्हणाला.

म्हणजे नीलच्या पुढे राबायचं, शेवटी नीलला पुढे काढायचं आणि तरीही पहिल्या तिघांत यायचं. हे कसं जमवायचं ते सांगण्याआधी त्याचा चहा संपला. नोकरी टिकवायची तर या शर्यतीत नाव काढायलाच हवं, एवढंच मला त्यातून कळलं.

सोलापूर सोडून घाट चढलो आणि तुळजापुरात उतरलो. सोलापूरहून भरून आलेल्या बसेस, कवड्यांच्या माळा, परड्या, कुंकवाचे ढीग आणि प्रत्येक दारात लॉजची पाटी. आमच्या लॉजच्या मालकानं आमच्याकडे आणि सायकलींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"दर्शनाला का?"

"शर्यतीला."

"मग तर आधी दर्शन घ्या," तो म्हणाला. "कुठं पडला-बिडला तर?"

खोली देताना त्यानं गरम पाणी चोवीस तास असल्याचं सांगितलं. ते खरंच होतं, फक्त नळाला नव्हतं. ते खाली चुलीवर होतं आणि बादली आपली आपण वर न्यायची होती. मी दोन बादल्या नेल्या, एक माझी आणि एक नीलची.

दुसऱ्या दिवशी रस्ता पाहायला नळदुर्गापर्यंत गेलो. जानेवारी संपत आला होता. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आलेली, मधेच हरभरा, मधेच उसाचे फड, आणि समोरून सरळ तोंडावर येणारा कोरडा वारा. रस्त्याचा काही भाग इतका सुरेख की शंका यावी, आणि पुढचा भाग ती शंका दूर करणारा. नळदुर्गाच्या किल्ल्याची काळी भिंत दिसली की ट्रकही दिसायला लागतात, हैदराबादकडे जाणारे आणि तिकडून येणारे. तिथल्या एका ढाब्यावर आम्ही शेवभाजी-भाकरी खायला बसलो. नीलनं पाऊच फोडून स्वतःचं ताकदीचं जेल खाल्लं. त्याची चव कफाच्या औषधासारखी असते आणि त्यावर स्ट्रॉबेरीचं चित्र असतं.

ढाबेवाल्यानं माझी सायकल एका हातानं उचलून पाहिली. "लई हलकी हाय की. कॅरियर न्हाय व्हय ह्याला?"

"नाही."

"ष्ट्यांड?"

"तेही नाही."

"मंग महाग कशापायी?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कांदा आणायला गेला.

तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावरच माझी सासुरवाडी आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथं परत जायचं आहे. माझे सासरे, अप्पा, म्हणजे बक्कळ ऊस, द्राक्षाची बाग आणि त्याहून मोठा मान. त्यांच्या जगात कोण कुणाला आधी रामराम घालतो, कुणाला कुठल्या खुर्चीवर बसवतात, यावर माणसाची किंमत ठरते. ज्याची ऐपत मोटारसायकलची नाही तो सायकल चालवतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे धाकट्या लेकीचा नवरा काय करतो, हे सांगायची वेळ आली की त्यांना खोकला येतो. थोरले जावई पाटबंधारे खात्यात आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना तो येत नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "जावईबापू, शर्यत आपल्या फाट्यावरनं जाती म्हनं. थांबावं लागंल. सविताची आई ओवाळनार हाय."

"अप्पा, शर्यतीत थांबता येत नाही."

"यस्टी थांबती आमच्या फाट्यावर. तुमी तिच्यापरीस मोठे व्हय?"

खरं तर थांबता येतं. आमच्या धंद्यात जी थोडीफार माणुसकी उरली आहे तिच्यातली ही एक रीत. स्वाराचं गाव रस्त्यात आलं तर बाकीचे त्याला थोडं पुढे सोडतात. त्यानं घरच्यांना भेटायचं, पाणी प्यायचं आणि घोळका आला की मुकाट परत आत शिरायचं. त्या भेटीचा फायदा घेऊन पुढे पळणारा माणूस नालायक समजला जातो. मी नीलला विचारलं. तो म्हणाला, "जा. पण थांबायचंस हं." मी मान हलवली. मान हलवताना माझ्या मनात काय होतं, ते मॅनेजरला आवडलं असतं.

शर्यत धाराशिवहून सुटणार होती. तुळजापूरमार्गे नळदुर्गाला जायचं, तिथून वळायचं आणि तुळजापुरात संपवायची. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं निमित्त होतं. हलगी वाजली, सगळ्यांचे सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. भाषणात आम्हाला देशाचं भविष्य म्हटलं गेलं. माझं पुढच्या महिन्याचं भविष्य मला ठाऊक नव्हतं आणि ऊन मात्र चढत होतं. शेवटी झेंडा हलला तेव्हा तो कुणी हलवायचा यावरून दोघांत ओढाओढी चालली होती, म्हणून आम्ही आपले निघालो.

नळदुर्गापर्यंत मी घरगड्याचं काम चोख केलं. सासुरवाडीचा फाटा जाताना घोळक्यातूनच ओलांडला, भेट परतताना ठरली होती. बनियनमध्ये बाटल्या कोंबून गाडीपासून घोळक्यापर्यंत फेऱ्या मारल्या. नीलनं एक बाटली तोंडाला लावून पाणी गरम आहे म्हणून फेकून दिली. ती ज्वारीत जाऊन पडली. वळून तुळजापूरच्या रस्त्याला लागलो, तशी त्यानं हात केला. "जा आता."

मी निघालो. गावाबाहेरची पाण्याची टाकी दिसली तेव्हा मागे बरंच अंतर पडलं होतं. थांबायचं नाही, हात जोडून सुसाट निघून जायचं, असं मी ठरवलं होतं. पण माझ्या सासूबाई ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांना उडवून जाण्याइतकी माझी नोकरी चांगली नव्हती. मी ब्रेक दाबला. त्यांनी ओवाळलं आणि हेल्मेटखालून जागा शोधून कपाळावर कुंकू लावलं. भावकीतल्या बायका माझ्या घट्ट, तोकड्या चड्डीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. अप्पा पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत पुढे आले.

"बाकीचे कुठं हायत?"

"मागून येतायत."

"मंग तुमी का थांबलाव?"

"ते आले की त्यांच्यात मिसळायचं. तशी रीत आहे."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "म्हंजे म्होरं आलेल्यानं मागच्याची वाट बघायची? ही कसली शर्यत? असल्या खुळ्यांच्यात ऱ्हाता व्हय तुमी? निघा. हितलं आमी बघतो."

मी निघालो. थांबायचं ठरलं होतं आणि मी थांबलो होतो. किती वेळ ते कुणी सांगितलं नव्हतं. ही पळवाट मला पहिल्या चढावर सुचली आणि दुसऱ्या चढापर्यंत पुरली. मग वारा तोंडावर आला, मांड्या पेटल्या आणि विचार बंद पडले. मागे वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. पुन्हा पाहिलं, तरी रिकामा. तेव्हा मला खात्रीच पटली की मी एक दडपलेला महान सायकलपटू आहे. इतकी वर्षं या नीलच्या पुढे वारा खात बसलो, आता बघ म्हणावं. तुळजापुरात शिरलो तेव्हा भाविक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी हात सोडून रेषा ओलांडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणी नव्हतं.

घोळका आला तो शिव्या देतच. नीलनं सायकल आपटली. मी निघताच अप्पांच्या फाट्यावर उसाची ट्रॉली लावलेला एक ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा आला आणि तिथंच बंद पडला म्हणे. बंद पडलेल्या ट्रॅक्टरभोवती अर्धा गाव उभा राहून इंजिनाची तपासणी करत होता आणि कुणालाही वाट देत नव्हता. हे ऐकलं आणि माझ्यातला महान सायकलपटू जागच्या जागी वारला.

मुख्य पंच एक जाडजूड चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी नियम स्वच्छ सांगितला. रस्त्यात एखादं वाहन आपोआप बंद पडलं तर तो नशिबाचा भाग, निकाल तसाच राहील. कुणी नातेवाइकानं मुद्दाम अडवलं असेल तर स्वार बाद. तेवढ्यात गर्दी सारून अप्पाच आले, मोटारसायकलवरून, काखेत फेट्याचं कापड घेऊन. जावई जिंकल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं. ट्रॅक्टर यांचाच, असं नीलनं ओरडून सांगितलं.

"ट्रॅक्टर तुमचा?" बाईंनी विचारलं.

"व्हय. बंद पडला. जुना हाय."

"हा मुलगा पहिला आलाय. तो तुमचा कुणी लागत असेल तर निकाल रद्द होईल. कोण लागतो तुमचा?"

अप्पांनी मला टाळूपासून बुटापर्यंत न्याहाळलं. फेट्याचं कापड हळूच पाठीमागे नेलं. "ह्यो? कोन की बा. आमी न्हाय वळखत."

आजूबाजूला त्यांच्या ओळखीची निदान दहा माणसं होती. त्यांच्या देखत ते हे म्हणाले. माझ्या कपाळावर त्यांच्याच बायकोनं लावलेलं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. बाई माझ्याकडे वळल्या. "तू ओळखतोस यांना?"

मॅनेजर त्यांच्या मागे उभा राहून जोरजोरात मान नकारार्थी हलवत होता. एक "नाही" म्हटलं की नाव निकालात, नोकरी खिशात. ते माझ्या अगदी जिभेवर होतं. पण मानासाठी जगणारा तो माणूस खाली मान घालून उभा होता, आणि मला ते बघवेना.

"ते माझे सासरे आहेत," मी म्हणालो.

अप्पांनी कपाळावर हात मारला. "काय मानूस हाय! येवढं खोटं बोलाया येत न्हाय आन म्हनं शर्यती जिंकतो!" ते फेटा काखेत मारून तडक निघून गेले. नीलला चषक मिळाला. त्याच्या सत्कारानंतर पुढाऱ्याच्या भावाचाही सत्कार झाला.

गाडी घाट उतरत असताना मॅनेजर मागे न वळता म्हणाला, "शिंदे, पुढच्या वर्षीचं आता तुझं तू बघ." मी बरं म्हटलं. या धंद्याबद्दल माझं मत आधीच फार चांगलं नव्हतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. वाईट मात्र वाटलं, अगदी पोटातून वाटलं. दुसरं काही मला येत नाही, आणि मला ते आवडतं.

सोलापूर जवळ आलं तेव्हा माझ्या बायकोचा, सविताचा फोन आला. तिला आईनं सगळं कळवलं होतं. अप्पा घरी येऊन जेवायलाही न बसता ओट्यावर बसले होते. आईनं काय झालं विचारलं तर म्हणाले, "जिंकल्यावर कुनीबी आपलं नाव घेतं. ह्यानं हरावं लागंल म्हाईत असून घेतलं."

"बाकी काही म्हणाले?"

"नाही रे. मघाशी शेजारच्या काकांना बोलावून सांगत होते, माझा जावई सायकलवाला आहे म्हणून. खोकलेसुद्धा नाहीत."

मी फोन ठेवला. नीलनं मागे वळून विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणालो, आणि खिडकीकडे तोंड करून सोलापूर येईपर्यंत रडलो.