गुरुवारची जीप

कॉमेंट रोमन अक्षरांत होती आणि खाली नाव नव्हतं. पहिल्यांदा वाचताना अडखळलो. दुसऱ्यांदा नीट वाचली.

"सर, गुरुवारले नोका जाऊ. जीप पाहून ठेवली हाये."

मंगळवारची दुपार होती. मी गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. खिडकीतून जीप दिसत होती. तिच्या सावलीत ड्रायव्हर रशीदभाई डबा खात होते. लाइनमन लालसूभाऊ उकिडवे बसून त्यांना काहीतरी सांगत होते आणि दोघंही हसत होते. गुरुवारी सकाळी सातला आम्ही तिघं त्याच जीपने निघणार होतो. हे आम्हा तिघांना माहीत होतं, माझ्या वरच्या साहेबांना माहीत होतं आणि माझ्या ब्लॉगमुळे साऱ्या जगाला माहीत होतं.

२००८च्या आसपासची ही गोष्ट. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही. आपण लिहायचं, कोणीही उघडून वाचायचं आणि वाटलं तर खाली चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळी म्हणजे कॉमेंट. माझ्या वहीला रोज येणारी दोन माणसं होती. नाशिकच्या वैशालीताई आणि मस्कतमध्ये एसीचं काम करणारा शिरीष. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण ताईंचा मिक्सर कोणत्या डाळीला अडतो हे मला ठाऊक होतं. टेलिफोनच्या तारेला माकडांनी झोके घेतले की आमच्या गावाचे फोन खरखरतात, हे त्यांना ठाऊक होतं.

माझे वडील बांबू डेपोत मोळ्या बांधायचे. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, तेही वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या आधारावर. मस्कतच्या माणसाने आपल्याला काही विचारावं, याचंच मला अप्रूप होतं. कोणी एक विचारलं की मी चार सांगायचो.

आदल्या शुक्रवारी तेच झालं. घाटापलीकडच्या एका गावात रेडिओवर चालणारा फोन होता. तिथे तार जात नाही. वीजही नाही. सोलर पॅनेल दिवसा बॅटरी भरतं आणि तिच्यावर फोन चालतो. बॅटऱ्या मेल्या की फोन मेला. महिनाभर तो मेलेलाच होता. तिथल्या नर्सबाईंना बाळंतपणासाठी गाडी बोलवायची तर माणूस सायकलवर पाठवावा लागे. तहसील ऑफिसातून रोज विचारणा व्हायची. अखेर सहा नव्या बॅटऱ्या चंद्रपूरहून आल्या. मी आनंदाने तसं ब्लॉगवर लिहिलं. शिरीषने विचारलं, "अरे, पण जंगलात त्या नेणार कशा?"

मी उत्तर दिलं. गुरुवार लिहिला, सकाळचे सात लिहिले, कोणत्या घाटाने जाणार ते लिहिलं. वर बॅटऱ्या भरलेल्या जीपचा फोटो टाकला. शिरीष लिहितो, "भारी! पोचल्यावर पुढचा फोटो टाक."

आता हे कोणी पाहावं? एटापल्लीत नेट होतं मोजून सहा-सात ठिकाणी. माझा समज असा, की माझे वाचक नाशिकला आणि मस्कतला आहेत. ज्या गावात मी राहतो तिथे मला कोणी वाचत असेल, हे डोक्यातच आलं नाही. आणि सोलरची बॅटरी ही जंगलात कोणालाही हवी असलेली वस्तू. जंगलात बंदुका घेऊन फिरणाऱ्यांना आमच्याकडे 'आतले लोक' एवढंच म्हणतात, पुढे कोणी बोलत नाही.

कॉमेंटखाली शिरीषने तोवर लिहूनही टाकलं होतं, "एवढी काळजी? ही वहिनी दिसते!" त्याच्याखाली वैशालीताई होत्या. "शिरीष, थट्टा पुरे. भाऊ, जीपचा फोटो आधी काढून टाका. मी खिडकीतून फोटो काढते तेव्हा सोसायटीची पाटी झाकते, आणि तुम्ही गाडीचा नंबर दाखवलाय."

फोटो काढून टाकला. पण चार दिवस तो तिथे होता.

रशीदभाईंना सांगणं भाग होतं. चंद्रपूरच्या मोटार मेकॅनिकांच्या घरातला माणूस, जीप त्यांची स्वतःची, खात्याला भाड्याने लावलेली. घरी तीन मुली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"फोटो में नंबर दिखता था?"

"हो."

"और मैं?"

"तुम्ही पण. बॉनेटला टेकून."

त्यांनी बॉनेटवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, "साहेब, तुमी बोलले होते का फोटो घर भेजने के वास्ते है, तर मी केस विंचरून आलो होतो."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी साहेबांना फोन लावला. माझी नोकरी अजून प्रोबेशनवर होती, म्हणजे कच्ची. साहेबांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "ही अफवा असेल तर? तहसीलदारांना काय सांगू? ब्लॉगवर कोणी भीती घातली म्हणून फोन दुरुस्त केला नाही?"

मग त्यांनीच मार्ग सांगितला.

"नेट तुमच्याच एक्स्चेंजमधून जातं ना? त्या वेळी कोणत्या नंबरवरून लागलं होतं ते काढा. माणूस कळू द्या. मग ठरवू खरं की खोटं."

हे पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा नेट फोनच्या तारेवरूनच डायल करून लागायचं आणि कोणत्या नंबरवरून किती वाजता लागलं, याची नोंद एक्स्चेंजच्या मशीनमध्ये राहायची. कॉमेंटवर वेळ छापलेली होती. दोन्ही जुळवले की नंबर, नंबरावरून घर. मी रेकॉर्डची स्क्रीन उघडली. तारीख टाकली. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

दारात लालसूभाऊ उभे होते. "काय काढून राह्यले, साहेब?"

मी सांगितलं.

"त्यानं नाव नाई लिवलं. काऊन नाई लिवलं असंन?"

मी बोट उचललं. साहेबांना पुन्हा फोन लावला.

"सर, नाव काढत नाही. मला कळलं तर माझ्या तोंडून जाईल. जीप कधी निघणार हे ज्याला पोटात ठेवता आलं नाही, त्याच्या हाती हे नाव नको. आणि कागद निघाला तर तो फाइलला लागेल. मग कोण कोण पाहील?"

मला वाटलं, नोकरी गेली.

"जीप थांबवा," साहेब म्हणाले. "बॅटऱ्या चार्ज व्हायच्या आहेत असं मी कळवतो. पण फोन चालू झाला पाहिजे. कसा, ते तुम्ही बघा."

ते लालसूभाऊंनी बघितलं. त्यांचं सासर घाटापलीकडचंच. म्हणाले, "जीपमंदी बॅटरी सरकारची असते. बंडीत गावची. गावचं सामान कोणी उतरवत नाई." गावचे लोक बुधवारी रेशनचा तांदूळ न्यायला बैलबंड्या घेऊन येणारच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे पाटील आले, जोहार म्हणून नमस्कार झाला. त्यांनी बॅटऱ्या हाताने हलवून पाहिल्या आणि तांदळाच्या पोत्यांच्या मधोमध ठेवल्या. झाकल्या मात्र नाहीत. मी निघायला बूट घातले होते. पाटील म्हणाले, "तुमी नोका. तुमी आले का मंग ते सरकारचं होते."

आमच्यापैकी लालसूभाऊ एकटे गेले. लाल तार कुठे आणि काळी कुठे, हे मी कागदावर काढून दिलं होतं. त्यांनी तो घडी करून पागोट्यात खोचला. वीस वर्षं ते हेच काम करत होते, पण माझ्या समाधानासाठी खोचला. बंड्या सडक सोडून जंगलातल्या वाटेला लागल्या.

गुरुवारी सातला मी आणि रशीदभाई एक्स्चेंजमध्ये बसून होतो. आठ वाजले, दहा वाजले. त्या गावचा नंबर मी लावत होतो आणि तो मेलेलाच होता. आपण आपल्याऐवजी लालसूभाऊंना पाठवलं, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

साडेअकराला घाटातून एसटी आली, दोन तास उशिरा. कंडक्टर पाणी प्यायला आमच्याकडे यायचा. त्याने सांगितलं, वळणावर झाडं आडवी पाडली होती. माणसांनी बसमध्ये चढून पाहिलं, कोणाला त्रास दिला नाही. फक्त विचारत होते, टेलिफोनची जीप कुठे दिसली का.

रशीदभाईंनी ग्लास खाली ठेवला. ते बाहेर गेले आणि जीपला टेकून उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेलो नाही. पुन्हा तो नंबर लावत बसलो.

बाराला दहा मिनिटं असताना फोन वाजला.

"साहेब, लाल तार लालले लावली," लालसूभाऊ म्हणाले. "नर्सबाईले बोलाचं हाये तुमच्याशी."

माझी नोकरी पक्की झाली. साहेबांनी त्या रेकॉर्डचा विषय पुन्हा कधी काढला नाही. काही महिन्यांनी मशीनने जुनी नोंद आपोआप पुसली. तेव्हापासून मी एक नियम पाळला. झालेलं लिहायचं, होणारं लिहायचं नाही. त्या गावाचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी ब्लॉगवर दोनच ओळी लिहिल्या. बॅटऱ्या बसल्या. फोन लागला. वैशालीताईंनी "देव पावला" लिहिलं. शिरीषने विचारलं, "पण तो होता कोण?"

माझ्या वहीत उत्तराशिवाय राहिलेला तो पहिला प्रश्न.