सातव्या मजल्यावरची नवरी

आमच्या खारघरच्या सोसायटीत धर्माची काळजी घ्यायला एक कमिटी आहे. तीच कमिटी लिफ्टची आणि पाण्याच्या टँकरचीही काळजी घेते, म्हणजे धर्माचं काय होत असेल याचा अंदाज यावा. गणपतीच्या आधी या कमिटीनं पोडियमवर, मुलांची घसरगुंडी आणि बंद पडलेलं कारंजं यांच्या मधोमध, संगमरवरी तुळशीवृंदावन बसवलं. चारी बाजूंना कोनाडे, कोनाड्यांत बॅटरीवरच्या पणत्या आणि समोर पाटी: 'पाने तोडू नयेत. आदेशावरून.' कुणाच्या आदेशावरून, देवाच्या की चेअरमनच्या, ते लिहिलं नव्हतं. आमच्याकडे तसा फार फरकही करत नाहीत.

रोप चेअरमननी स्वतः नर्सरीत जाऊन निवडलं होतं. इतक्या रुंद, तुकतुकीत पानांची तुळस मी जन्मात पाहिली नव्हती. उद्घाटनाला त्यांनी माइकवरून माहिती दिली की तुळस दोन प्रकारची, काळपट असते ती कृष्ण आणि हिरवी ती राम. ही हिरवी आहे, सबब राम. शिवाय ती दिवसरात्र ऑक्सिजन सोडते आणि मोबाइल टॉवरचं रेडिएशन शोषून घेते. टॉवर आमच्याच गच्चीवर आहे. तो हलवण्याचा ठराव गेली कित्येक वर्षं पडून आहे. तेव्हा त्या रोपावर केवढी जबाबदारी येऊन पडली होती बघा.

आई माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "पानं लई मोठी आहेत गं हिची."

चेअरमनबाईंनी ते ऐकलं. "हायब्रिड आहे, काकू," त्या म्हणाल्या.

हायब्रिड म्हटलं की आईच्या पिढीचं बोलणंच खुंटतं.

आई साताऱ्याकडची. बाबा गेल्यावर गावचं घर बंद करून ती माझ्याकडे आली ती दोन पिशव्या आणि मांडीवर एक तुळशीची कुंडी घेऊन. ही काळी तुळस. पानं बारीक, देठ जांभळे, एक पान तोंडात टाकलं तर घसा तिखट होतो. सातव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये तिला सकाळचं ऊन मिळालं आणि ती अशी माजली की माझे वाळत घातलेले कपडे तिच्या परवानगीनं राहू लागले. घरात कुणी शिंकलं की आलं, मिरी आणि तुळशीचा काढा तयार. ग्रहण लागलं की पाण्याच्या पिंपापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळ्यांवर एकेक पान. पान गिळायचं, चावायचं नाही. द्वादशीला तोडायचं नाही, दिवेलागणीनंतर तर हातही लावायचा नाही. माझा खोकला मात्र नेमका द्वादशीला, दिवेलागणीनंतरच यायचा.

याच कुंडीतलं पान आईनं शेवटच्या दिवशी बाबांच्या तोंडात ठेवलं होतं. त्याबद्दल मला थट्टा सुचत नाही.

बाबा होते तोवर दर कार्तिकात आमच्याकडे तुळशीचं लग्न व्हायचं. आई आणि बाबा पाटावर बसून कन्यादान करायचे आणि मी, त्यांची खरीखुरी कन्या, अक्षता वाटायची. मी लग्न केलं नाही. जमलं नाही म्हणा, जमवलं नाही म्हणा. पंचेचाळिशी उलटल्यावर दोन्हीचा अर्थ एकच होतो. एका मावशीनं एकदा भर लग्नात, म्हणजे तुळशीच्या, म्हटलं होतं, "घरात मुलगी असून झाडाचं कन्यादान करायची वेळ आली बघा." आईनं ते हसण्यावारी नेलं आणि नंतर आठवडाभर माझ्यासाठी स्थळं शोधली.

बाबा गेले आणि ते लग्नही बंद पडलं. "जोडप्यानं करायचं असतं," आई म्हणाली. कुणी तिला मनाई केली नव्हती; मनाई करायला माणसं लागतच नाहीत, इतकी ती शिकवण मुरलेली असते. रोजचं पाणी ती घालायची, हळद-कुंकू मात्र माझ्याकडून लावून घ्यायची. म्हणजे जिची श्रद्धा तिला बंदी आणि जी नास्तिक तिला मान. मी हे तिला सुनवायची, ती म्हणायची, "लाव गपचूप." कार्तिक आला की ती न चुकता बाजारातून ऊस आणायची. "लग्नासाठी नाही हां, असाच," असं सांगायची आणि आम्ही दोघी तो दातांनी सोलून खायचो. तिला ते लग्न पुन्हा एकदा लावायचं होतं. मरण्याआधी काशी नको, रामेश्वर नको, एवढंच हवं होतं, आणि तेवढंच ती मागत नव्हती.

खाली सोसायटीची राम तुळस आदेश झुगारून घरोघर पोचली होती. सकाळी चालायला जाणारी मंडळी इकडेतिकडे बघत दोन दोन पानं खुडायची आणि ग्रुपवर अनुभव लिहायची. कुणाचा कफ मोकळा झाला, कुणाची शुगर वठणीवर आली, एका बाईंच्या मुलाचं अभ्यासात लक्ष लागलं. सर्दी झालेले एक गृहस्थ हीच पानं घेऊन आठवडाभरात खडखडीत बरे झाले. न घेताही सर्दी आठवडाभरातच बरी होते, हे लिहिण्याचं मी टाळलं. ग्रुपवर राहायचं तर एवढं पथ्य पाळावं लागतं.

मग तुळशीच्या लग्नाचा दिवस आला. पोडियमवर मांडव, झगमग दिवे, चेअरमन सोवळ्यात आणि चेअरमनबाई पैठणीत. गुरुजी कामोठ्याचं लग्न आटपून स्कूटरवरून आले होते आणि पुढे त्यांना उलव्याला जायचं होतं. त्यांनी घाईघाईनं वृंदावनाला हळद वाहिली, एक पान बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि थांबले.

"हा सब्जा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?" चेअरमननी विचारलं.

"म्हणजे फालुद्यात ज्याचं बी घालतात, तो."

गणपतीपासून आम्ही फालुद्याला प्रदक्षिणा घालत होतो.

"पण फॅमिली एकच ना, गुरुजी? ॲडजस्ट करून घ्या की," चेअरमन म्हणाले.

"फॅमिली एकच आहे," गुरुजी म्हणाले, "पण लग्न ठरलंय ते हिच्या चुलत बहिणीशी. नवरा विष्णू आहे. फसवलंत तर भरपाई कोण करणार?"

ग्रुपवर तातडीचा मेसेज गेला. संध्याकाळ झालेली, नवरी कुठूनही पैदा करायची होती. एका घरातून वाळलेली काडी आली. एका घरातून प्लास्टिकची आली, धुऊन पुसून, अगदी मनोभावे. एक खरी होती, पण काढ्यापायी तिचं पार टक्कल झालेलं. शेवटी कुणालातरी आमचं ग्रिल आठवलं आणि चेअरमन आणि चेअरमनबाई सातव्या मजल्यावर आमच्या दारात हजर झाले.

"काकू, तुमची तुळस द्याल का? एकदम रिस्पेक्टनं नेऊ," चेअरमन म्हणाले.

आईला काय करू नि काय नको असं झालं. तिनं कुंडी पुसली, पिवळी पानं काढली, पेटीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि माझ्याकडून त्या फांदीत अडकवल्या. स्वतःच्या इरकली लुगड्यातला जपून ठेवलेला तुकडा कुंडीभोवती गुंडाळला. "मुलगी बघायला येतात आणि आजच द्या म्हणतात, काय बाई माणसं," असं म्हणून ती चक्क हसली.

कुंडी हातात येताच चेअरमनबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही वरच थांबलात तरी चालेल हां. खाली डास आहेत. कन्यादानाला आम्ही दोघं बसतोच आहोत."

"हो हो," आई म्हणाली आणि दार लावायला लागली.

माझं डोकं फिरलं. डास! सोसायटीतल्या यच्चयावत सवाष्णींना सोडून फक्त माझ्या आईला चावणारे डास. "नवरीची आई घरी बसते का?" मी तिला म्हटलं.

"मी तिथं बरी दिसत नाही."

"मग मागे उभी राहा. पण चल."

ती आली आणि घसरगुंडीला टेकून, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. कुंडी वृंदावनात विराजमान झाली, मागे उसाचा मामा उभा राहिला, समोर पाटावर पितळी बाळकृष्ण आला. गुरुजींनी अंतरपाट झटकला आणि विचारलं, "मुलीकडचं कोण?"

"आम्ही," चेअरमन म्हणाले.

"आणि मुलाकडचं?"

बाळकृष्णही चेअरमनांच्याच देव्हाऱ्यातला होता. "आम्हीच," ते म्हणाले.

"अहो, दोन्हीकडून तुम्हीच कसे? आपल्याच घरात मुलगी देता का?"

कमिटीत हे चालतं. ठराव मांडणारे आणि अनुमोदन देणारे तेच असतात. पण गुरुजी कमिटीचे सभासद नव्हते. दुसरं जोडपं शोधायला लागले तर बरेच नवरे अजून ऑफिसातून यायचे होते आणि जे आले होते त्यांना बूट काढायचा कंटाळा होता.

"मुलीची आई इथं आहे," मी मोठ्यानं म्हणाले.

सगळे वळले. आईनं माझा दंड धरला आणि चांगली नखं रुतवली.

"अहो, काकूंना आम्ही मानतोच," चेअरमनबाई म्हणाल्या, "पण म्हणजे कसं आहे ना की..." हे वाक्य आमच्याकडे कुणीच पुरं करत नाही. ऐकणारे ते मनातल्या मनात पुरं करतात आणि बोलणारा सज्जन राहतो.

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. उलव्याची नवरी ताटकळली होती. शास्त्रापुढे मोठमोठे सुधारक हरले असतील. उलव्याच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकपुढे शास्त्रानं बिनविरोध माघार घेतली.

"हिला पाणी कोण घालतं?" त्यांनी आईला विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"मग बसा लवकर."

"एकटी?"

मी चपला काढल्या आणि बाबा बसायचे त्या बाजूला, तिच्या शेजारी पाटावर जाऊन बसले. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या घडीला मला कुणी उठवून दाखवावं, अशीच मी बसले होते.

गुरुजींनी कुंकवाचा करंडा पुढे केला. आईनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतले. तिनं बोट बुडवलं, थांबली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि जांभळ्या खोडाला स्वतः कुंकू लावलं. चेअरमनबाईंनी मोबाइलमध्ये फोटो काढायला सुरुवात केली होती. बहुधा सोसायटीच्या पुरोगामीपणाची बातमी ग्रुपवर जायची होती. मग तिच्या ओंजळीखाली मी माझी ओंजळ धरली, गुरुजींनी पळीनं पाणी सोडलं, आणि मंगलाष्टकं एवढ्या वेगानं झाली की अर्ध्या अक्षता अंतरपाट निघाल्यावर पडल्या.

गुरुजी गेले. पेढे वाटले गेले. "काकू, आता ती सासरी. इथेच राहू दे ना," चेअरमन म्हणाले. मी तोंड उघडणार एवढ्यात आई म्हणाली, "राहू दे. लेक परत न्यायची नसते."

आणि मग ती रडली. अगदी रीतसर, पदर तोंडाला लावून, गाडी सुटल्यावर मुलीची आई रडते तसं. तिला कसं आवरावं मला समजेना. इतकी वर्षं हे रडणं ती साठवून होती आणि त्याला कारण मी दिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी तिचा हात धरून तिला लिफ्टपर्यंत आणलं. लिफ्ट अर्थातच बंद होती. आम्ही जिन्यानं निघालो. तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला ती पायरीवर बसली, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत म्हणाली:

"एक दिली. आता दुसरी कुणाला देणार नाही. उगाच घाई करत होते मी."