खानवेलच्या रस्त्यावर पेटणारी बत्ती

"ज्योतीबेन, सरांची बत्ती पाछी आली," गॅरेजचे शेठ बोलले आणि माझ्या हातातला पाना खालीच पडला. तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा मीच ती गाडी ओके करून दिली होती.

सर टोकरखाड्याला राहतात, मूळचे कोकणातले. रोज खानवेलच्या पुढे शाळेत शिकवायला जातात. डावा गुडघा दुखतो, डॉक्टर बोलले क्लच दाबू नका, म्हणून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक घेतली. ऑटोमॅटिकला क्लच नसतो, खाली दोनच पेडल, ब्रेक आणि रेस. गिअर आपोआप बदलतात, आतल्या तेलाच्या जोरावर. ते तेल जास्त तापलं की मीटरमध्ये पिवळी बत्ती लागते. गाडीला ताप आला असं समजा.

पहिल्या वेळी मी रेडिएटर धुतला, कारण ते तेल तिथूनच थंड होऊन येतं. दुसऱ्या वेळी सेन्सर बदलला. दोन्ही वेळा नरोलीपर्यंत स्वतः चालवून आणली. बत्ती नाही. सरांनी नेली की खानवेलच्या चढावर बत्ती हजर.

"इन्स्पेक्शनला शहाणी, एरवी वांड," सर बोलले. "आमच्या नववी ब सारखी."

मी हसली नाही. मी स्वतःच नववी नापास आहे.

सर बाहेर चहा घेत होते तेव्हा शेठ हळूच बोलले, "आज सांजपर्यंत टाइम देतो. नाय तर उद्या गिअरबॉक्स उतरव, वापीच्या मोठ्या गॅरेजला मोकल. अने मग बेन, तू घरे आराम कर."

आराम! माझी पोरगी दीड वर्षाची, अजून अंगावर पिते. नवरा कंपनीत, शिफ्ट बदलती. आमच्या खोलीच्या आजूबाजूला सगळ्या कामाला जातात, सांभाळणार कोण? या गॅरेजात शेठ ऑफिसमध्ये तिची झोळी बांधू देतात. दुसऱ्या तीन गॅरेजात विचारून आली होती. एक तर बोलला, इथे गाड्या रिपेर होतात, बाळं नाही. हे काम गेलं की माझा पाना गेलाच समजा.

मग मला एकच सुचलं. बत्ती सरांनाच दिसते ना, तर सरांनीच चालवायची आणि मी बाजूला बसायचं. पण आता मोठी अडचण. स्वतः चालवताना मला काही वाटत नाही, पण बाजूला बसली की माझा जीव जातो, आणि खानवेलचा रस्ता म्हणजे वळणच वळण.

"पोरीला कोण बघणार?" शेठ बोलले.

"तुम्हीच शेठ. दोरी तर ओढायची."

शेठने दोन्ही कान पकडले, पण झोळीजवळ जाऊन बसले.

मी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे मोठ्या मोबाईलसारखं मशीन, स्टिअरिंगखाली वायर लावली की गाडीच्या आत काय चाललंय ते आकड्यात दाखवतं. सरांनी चपला काढून मागे ठेवल्या. गाडी लक्ष्मी आहे, तिला चपलेचा पाय लावायचा नाही, असं ते बोलले. स्टिअरिंगला नमस्कार केला आणि निघाले.

पहिलं वळण आलं आणि मी जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. नुसते आकडे बघत बसली. तेल नव्वद. शंभर. अजून चढ पण लागला नव्हता, तरी एकशे दहा.

"ज्योती, बाहेर बघ की, काय हिरवंगार आहे!"

"बघते सर, बघते." कुठलं बघते! ट्रकचा हॉर्न ऐकला तरी माझे डोळे मिटत होते.

आणि तेवढ्यात खालच्या लाईनवर नजर गेली. ब्रेक : ऑन. इंग्रजी मला जास्त येत नाही, पण ऑन-ऑफ येतं. रस्ता सरळ, पुढे गाडी नाही, सर छान चाळीसच्या स्पीडने चाललेले. मग ब्रेक ऑन कसा? मला वाटलं पेडलचा स्विच अडकला. वाकून बघितलं.

स्विच ठीक होता. सरांचा उजवा पाय रेसवर होता. आणि डावा पाय, तोच दुखरा, अनवाणी, ब्रेकच्या पेडलवर अंगठा टेकून आरामात बसला होता.

आयुष्यभर क्लचवर राहिलेला पाय. क्लच काढून घेतला तर तो बिचारा शेजारच्या पेडलवर राहायला गेला. एका पायाने पळवायचं, दुसऱ्याने धरून ठेवायचं, मग तेल तापणार नाही तर काय!

आता सांगायचं कसं? तीस वर्षं शिकवणारे मास्तर, आणि मी नववी नापास. तेवढ्यात बत्ती लागली.

"बघ! आली!" सर खूश झाले, माझं खोटं पकडल्यासारखे.

गाडी बाजूला थांबवून तेल थंड होऊ दिलं. मग मी बोलली, "सर, येताना एक टेस्टिंग करू. डाव्या पायात चप्पल घाला आणि तो पाय मागे सीटला टेकवून ठेवा. हलवायचा नाही."

"हे कसलं टेस्टिंग?"

"गॅरेजचं आहे सर." चपलेचा पाय ते लक्ष्मीच्या पेडलला लावणार नाहीत, हे मला माहीत होतं.

येताना तेवढाच चढ-उतार. तेल पंच्याण्णवच्या वर गेलं नाही. टोकरखाड्याजवळ डावा पाय आपोआप पुढे आला, त्यांनी स्वतःच बघितला आणि मागे ओढला.

"म्हणजे दोष गाडीत नाही," ते हळूच बोलले. "तू मला नापास करतेस."

"नाही सर. ऑटोमॅटिकचं ब्रेकचं पेडल पण जरा रुंदच असतं."

सर इतके हसले की गाडी डुलली आणि मला परत डोळे मिटावे लागले.

गॅरेजात शेठ घामाघूम, पोरगी झोळीत जागी, टकमक बघत. मी पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं. आतलं तेल काळं पडलं होतं ते बदललं, पुढचे ब्रेक पॅड पातळ झाले होते ते नवे टाकले. गिअरबॉक्सला कोणी हात लावला नाही. बत्ती परत आली नाही. झोळी आहे तिथेच आहे.

शेठने आता नियम केलाय, ऑटोमॅटिक आली की आधी ज्योतीबेन गिऱ्हाईकाच्या बाजूला बसून फिरून येणार. भीती काही गेली नाही माझी. पण गाडीचं दुखणं शोधताना बॉनेट नंतर उघडायचं, चालवणाऱ्याचे पाय आधी बघायचे, आणि त्यासाठी मान खालीच लागते.