भेंडी मोडू नये

नोकरीवरून काढताना कंपनीने मला एक व्हिडिओही पाठवला. संकटात वाकावं पण मोडू नये, असं त्यात एक गृहस्थ समुद्रकिनाऱ्यावरून सांगत होते. साठ दिवसांत नोकरी शोधा नाहीतर व्हिसा संपला, अमेरिका सोडा, असं त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मंगळवारी सकाळी अकराला आमच्या प्लेनो शहरातल्या इंडियन ग्रोसरीत गेलो. 'भेंडी मोडू नये' या पाटीखालीच एक अनोळखी काकू प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लेऑफ का रे?"

"कसं कळलं?"

"या वेळेला भाजी घ्यायला आलायस. आमच्याकडे दोनदा झालंय. रडलास का?"

"छे! वाकेन, पण मोडणार नाही," मी व्हिडिओतलं वाक्य ऐकवलं.

त्यांनी एक भेंडी वाकवली. ती मोडेना, तशी बाजूला टाकली.

"वाकते पण मोडत नाही, ती जून. कितीही शिजव, चोथाच."

गाडीत बसून आधी मनसोक्त रडलो. घरी भाजी फोडणीला टाकली, आणि कंपनीने व्हिडिओवर मागितलेला अभिप्राय एका शब्दात कळवला: जून.