उद्घाटनाच्या गाडीची ड्रायव्हर

साहेबांचा बूट माझ्या बोटांवर होता. काळा, नुकताच पॉलिश केलेला.

मी बसच्या फरशीवर उकिडवी बसले होते. ड्रायव्हरच्या सीटच्या डाव्या अंगाला जी चिंचोळी जागा असते, तिथे. गुडघे छातीशी, मान खाली, गळ्यात हार. उजवा हात ब्रेकच्या पेडलवर. आणि वर, माझ्या सीटवर, साहेब बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंड कॅमेऱ्याकडे.

साहेब म्हणजे आमच्याकडचे मोठे नेते. नाव सांगून काही फरक पडत नाही. त्या दिवशी नव्या इलेक्ट्रिक बसचं उद्घाटन होतं आणि व्हिडिओत साहेब बस चालवताना दिसायला हवे होते. नुसते बसलेले नाही, चालवताना. साहेबांना बस चालवता येत नव्हती. म्हणून बस कंपनीच्या डेपो मॅनेजरने युक्ती काढली. गाडी ऑटोमॅटिक. ब्रेक सोडला की आपोआप हळूहळू पुढे सरकते. मी खाली लपायचं, हाताने ब्रेक सोडायचा, थोडी पुढे गेली की परत दाबायचा. मी दिसू नये म्हणून समोरच्या काचेवर झेंडूची तोरणं मुद्दाम खालपर्यंत सोडली होती.

साहेबांच्या पायाला काहीतरी लागलं असावं. त्यांनी विचारलं, "अरे, खाली कोण आहे?"

मॅनेजर सीटच्या मागे वाकून उभा होता. म्हणाला, "कोणी नाही साहेब. ड्रायव्हर आहे."

"अच्छा," साहेब म्हणाले. बूट हलला नाही.

मी बोटं ओढून काढली. ब्रेक सुटला, बस सरकली. बाहेर ढोल-ताशे सुरू झाले, टाळ्या पडल्या. मी डाव्या हाताने ब्रेक दाबला. व्हिडिओ छान आला असं सगळे म्हणाले. मीही नंतर मोबाइलवर पाहिला. त्यात मी नाही.

मला त्या दिवशी रडू आलं नाही. कारण त्याच्या आधी स्टेजवर माझा सत्कार झाला होता आणि मी अजून त्याच धुंदीत होते. ठाणे शहरातली पहिली महिला बस ड्रायव्हर. शाल, श्रीफळ, हार. निवेदिका माइकवरून म्हणाली, "ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या या शहराचा कचरा उचलला, त्याच हातांत आज बसचं स्टिअरिंग." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

पप्पा कचऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांच्या आधी आजोबा आणि आजी झाडूवर. यात लपवण्यासारखं काही नाही आणि आम्ही लपवलंही नव्हतं. पण कोपरीत घर घेतल्यावर पप्पा शेजाऱ्यांना एवढंच सांगायचे की मी ड्रायव्हर आहे. तेवढा त्यांचा हक्क होता. तो त्या बाईने माइकवरून काढून घेतला, तोही हसत हसत, कौतुक म्हणून. नाव न घेता आमची जात सगळ्या मांडवाला कळली.

आणि हे हात पिढ्यान्‌पिढ्यांच्या कृपेने स्टिअरिंगवर आले नव्हते. ड्रायव्हिंग पप्पांनी शिकवलं. रविवारी, मोकळ्या मैदानावर, मित्राच्या टेम्पोवर. हेवी लायसन्स मी काढलं, पॅसेंजर गाडीचा बॅज मी काढला. टेस्टला मोठी गाडी रिव्हर्स घेताना बाजूला उभे असलेले पुरुष दात काढत होते. मी एका झटक्यात लावली. तेव्हा कुठला साहेब आला नव्हता.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे डेपोत गेले. डबा घेऊन, केस घट्ट बांधून. ड्युटी लावणाऱ्या क्लार्कच्या खिडकीवर उभी राहिले. मला कोपरी ते बाळकुम रूट मिळणार असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुम्हाला यार्ड."

यार्ड म्हणजे डेपोच्या आतच गाड्या हलवायच्या. चार्जिंगवरून काढायची, धुवायच्या रॅम्पवर न्यायची. तिथून लाइनीत लावायची. परत पुढची. गेटच्या बाहेर जायचं नाही. रिकामी बस, कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. मला वाटलं एक-दोन दिवस. महिना गेला. मग मी महिने मोजायचं सोडलं.

मॅनेजरला विचारायला गेले. स्टेजवर तो मला मॅडम म्हणायचा, केबिनमध्ये अगं.

"अगं, तू आमचा चेहरा आहेस," तो म्हणाला. "तुझ्याकडून उद्या कुठे गाडी घासली, कोणाला लागलं, तर पेपरात काय येईल? पहिल्या महिला ड्रायव्हरने ठोकली. कंपनीला परवडणार आहे का?"

"सर, मग पहिली महिला ड्रायव्हर बस चालवणार कधी?"

"तुला काय कमी आहे? पगार मिळतो, उन्हात जावं लागत नाही, लोक सत्कार करतात. तुमच्यातल्या किती मुलींना हे मिळतं, सांग बरं."

तुमच्यातल्या. हा शब्द त्याने इतक्या सहज वापरला की त्याला तो उच्चारल्याचं कळलंही नसेल. माझ्या मात्र कानशिलात बसला. मी केबिनमधून बाहेर आले आणि तीन गाड्या धुवायला नेल्या. दुसरं काय करणार होते?

माझा फोटो मात्र बाहेर फिरत होता. बसच्या मागच्या काचेवर, भला मोठा. मी स्टिअरिंग धरून हसतेय, खाली लिहिलंय, 'शहराची सूत्रे तिच्या हाती'. सकाळी मी स्वतः ती गाडी लाइनीत लावायचे, दुसरा ड्रायव्हर ती घेऊन गेटबाहेर जायचा, आणि मी मागे उभी राहून माझाच चेहरा बाळकुमच्या दिशेने जाताना बघायचे. असला राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. आणि तो काढायचा कुणावर, हेही कळत नव्हतं. सगळे माझ्याशी गोड बोलत होते.

आई बाळकुमला कॉम्प्लेक्समध्ये स्वयंपाकाची कामं करते. रोज त्याच बसने जाते. तिच्याबरोबरच्या बाया विचारायच्या, "तुझी पोर ना गं ही मागे?" आई म्हणायची, "हो. तीच चालवते ही गाडी. आज तिची सुट्टी आहे." रोज सुट्टी कशी असेल? पण बायाही काही बोलायच्या नाहीत. हे मला आईनेच सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. मग म्हणाली, "तू खरंच चालवतेस ना गं?"

त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. नोकरी सोडावी तर आईच्या कामांवर घर चालत नाही, पक्का पगार माझाच. पप्पांना दम लागतो, त्यांचं औषधपाणी. न सोडावी तर हे. महिला दिन आला की मला नऊवारी नेसवून, फेटा बांधून मिरवणुकीच्या ट्रकवर उभं करायचे. रस्ता सुरक्षा सप्ताह आला की शाळेत न्यायचे. एका शाळेत एका मुलीने विचारलं, "मॅम, तुम्ही रोज किती लांब जाता?" मी म्हटलं, "खूप लांब." आणि गाडीत बसून परत यार्डात आले.

मग डोंबिवलीचा रूट निघाला. ठाण्याहून शिळफाट्यामार्गे डोंबिवली, नवी गाडी, परत उद्घाटन, परत तेच साहेब. मॅनेजरने स्वतः बोलावून घेतलं. म्हणाला, "या वेळी तुझी तक्रार संपवतो. फीत कापली की गाडी तूच काढायची. थेट डोंबिवली. पॅसेंजर घेऊन."

मी विश्वास ठेवला. घरी सांगितलं. आईने त्या दिवशी कामाच्या दोन्ही घरची सुट्टी घेतली आणि चार बायांना बरोबर घेतलं. डोंबिवलीत कुणाचंच काही काम नव्हतं. जाऊन चहा पिऊन परत येणार होत्या.

त्या दिवशी मी गाडी डेपोतून काढून मांडवापर्यंत आणली. फीत कापायच्या आधीच आई आणि बाया चढून बसल्या. आईने चांगली साडी नेसली होती. मी आरसे लावले, बेल्ट लावला. फीत कापली. साहेब पुढच्या दाराने चढले, मागून कॅमेरे. मॅनेजर माझ्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाला, "चल, खाली बस. मागच्यासारखं."

मी म्हटलं, "आणि त्यानंतर?"

त्याने दाराकडे पाहिलं. फुटपाथवर आमचाच एक ड्रायव्हर युनिफॉर्म घालून उभा होता. ड्युटीवर आलेला, डबा घेऊन. त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. म्हणजे सगळं ठरलेलं होतं. मी खाली वाकायचं, साहेबांनी बस चालवायची, मग गाडी तो नेणार. मी परत यार्डात.

मी आरशात पाहिलं. आई माझ्याकडेच बघत होती.

"मी उठणार नाही," मी म्हटलं.

"अगं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

"सर, ड्युटी माझी आहे. साहेबांना मागे बसायला सांगा. सीट रिकाम्या आहेत."

हे मी मुद्दाम मोठ्याने बोलले. साहेब पायरीवर उभे होते. त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. मॅनेजरला म्हणाले, "काय चाललंय हे?" माझ्याशी ते बोललेच नाहीत. मी तिथे बसलेली होते, त्यांच्या हाताच्या अंतरावर, तरी त्यांना जे विचारायचं ते त्यांनी मॅनेजरला विचारलं.

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. "बेल्ट काढ," तो दात ओठ खात म्हणाला. "तुला वर आणलं कोणी, विसरलीस?"

"मला वर कोणी आणलं नाही. मी टेस्ट पास झालेय," मी म्हटलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळून धरले होते.

साहेब उतरले. कॅमेरे उतरले. मॅनेजरने मागे जाऊन मेकॅनिकला खूण केली आणि त्याने मेन स्विच बंद केला. समोरचा स्क्रीन काळा झाला, एसी थांबला. गाडी मेली. मागून दुसरी बस आणली, तिला तीच तोरणं काढून लावली, साहेब तिच्यात चढले. माझ्या शेजारून ती निघून गेली तेव्हा मागच्या काचेवर माझाच फोटो होता, हसणारा.

मी बंद बसमध्ये बसून राहिले. घाम गळत होता. पेडल दाबलं तरी काही होत नव्हतं, तरी पाय तिथेच होता. बायांची एकमेकींत कुजबुज झाली, मग त्या एकेक करून उतरल्या. त्यांना दोष देत नाही. आई उतरली नाही. मागूनच म्हणाली, "उतरू नको. मी बसलेय."

शेवटी एक महिला पोलीस आली. माझ्याच वयाची. म्हणाली, "चला ताई. मला पण ड्युटी आहे."

"तुम्हाला आहे," मी म्हटलं. "मला कुठे आहे?"

ती बसचा दांडा धरून तिथेच उभी राहिली. मग मी बेल्ट काढला.

दुसऱ्या दिवशी डेपोच्या गेटवर माझं कार्ड चालेना. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, वरून बंद केलंय. मी काय करू?" कामावरून काढलं असंही सांगत नाहीत आणि कामावर घेतही नाहीत. कंपनीने म्हणे दुसरी मुलगी शोधली आहे. तिलाही पहिलीच म्हणणार आहेत.

गेल्या आठवड्यात निरोप आला. साहेबांच्या ऑफिसात यायचं, गुच्छ द्यायचा, चुकलं म्हणायचं. एक फोटो काढतील. मग बघू म्हणाले. पप्पांनी ऐकलं आणि मला जवळ बसवलं.

"जा," ते म्हणाले. "एक फोटो तर आहे. मी जन्मभर हो साहेब, हो साहेब केलं, म्हणून तू शिकलीस."

ते खरं आहे. मला ते टोचतं, कारण ते खरं आहे. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "पप्पा, तुम्हाला गाडी तरी चालवायला देत होते."

ते औषधाची बाटली उचलून आत गेले. त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही. पटलं नसेल तरी चालेल.

मी गुच्छ देणार नाही. माझं चुकलेलं नाही. मी रोज पहाटे युनिफॉर्म घालून डेपोच्या गेटवर जाते, कार्ड लावते. चालत नाही. तरी तिथेच उभी राहते. आता आतले दोन ड्रायव्हर जाता-येता थांबून बोलतात, बाकीचे मान वळवतात. मॅनेजर गाडीची काच खाली करून म्हणतो, "कशाला स्वतःचा तमाशा करतेस? काय पाहिजे तुला?"

मी त्याला रोज तेच सांगते, आणि जोवर गेटवर येईन तोवर तेच सांगणार आहे. शाल नको. फोटो नको. मला बस पाहिजे. रिकामी नाही. माणसांनी भरलेली.