बंद केलेला अलार्म

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही.

पेणच्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये गर्भ वाढवायचं काम करते मी. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन वीस टक्क्यांच्या वर. बाईच्या पोटात गर्भाला मिळतो तो पाचाच्या आसपास. म्हणून गर्भ ठेवायच्या पेटीत, इन्क्युबेटरमध्ये, नायट्रोजन सोडून तो पाचावर धरून ठेवायचा. जास्त झाला तर त्या इवल्या पेशींना सोसत नाही, वाढ खुंटू शकते. हे मला माहीत नव्हतं असं म्हणू?

पेटीचा अलार्म ऊठसूट वाजायचा. सेन्सर बदला म्हणून डॉक्टरांच्या किती मागे लागले — जाऊ दे. ते सांगून काय उपयोग? त्या शनिवारी दुपारी तो पुन्हा कोकलला. घरी जायची रोह्याची एसटी सुटायला दहा मिनिटं. मी इतकी वैतागले होते — आकड्याकडे न बघताच आवाज बंद केला आणि निघाले. रविवारी येऊन बघायचं होतं. तेही टाळलं.

सोमवारी आकडा वीसवर. नायट्रोजनचा सिलिंडर रिकामा. आत शबाना नावाच्या पेशंटचे पाच गर्भ — शनिवारी सकाळी छान वाढत होते, आता पाचही थांबलेले.

शबाना रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावची. नवरा कुवेतला, या उपचारासाठी सुट्टी काढून आलेला. मी गुपचूप सिलिंडर बदलला. वहीत लिहिलं — ऑक्सिजन पाच. कसा धजावला हात?

“मॅडम, माझ्यातच काय खोट हाय का?” गर्भ वाढले नाहीत हे कळल्यावर शबानानं विचारलं.

“कधी कधी बीजच कमकुवत असतं,” मी म्हणाले.

ऑक्सिजन पाचावर राहिला असता तर ते जगलेच असते का? ठाऊक नाही. जगले नसतेही. पण मी ते तिच्या अंगावर ढकललं — ती समोर रडत असताना.

ती पुन्हा आली नाही. गेल्या महिन्यात अष्टमीत भाजी घेताना दिसली. तिनंच हाक मारली, माझा हात हातात घेतला. “तुम्ही खरं सांगितलंत ते बरं झालं. नायतर उगाच आशेवर राहिले असते. ह्यांना सांगितलं, आता बस. माझ्यातच दम नाय.”

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी “उशीर होतोय” म्हणाले, हात सोडवून घेतला आणि पूल ओलांडून रोह्यात आले.