दुसरं कडवं

मांडवगणच्या आमच्या घरात रेकॉर्डी पाच-सहा होत्या, पण लागायची एकच, गौळणीची. गावातला स्पीकरवाला कॅसेटकडे वळला तेव्हा वडिलांनी त्याच्याकडून रेकॉर्डप्लेअर घेतला होता. पहिलं कडवं संपलं की तिथं चरा होता. सुई अडकायची, बाई तेच दोन शब्द म्हणत राहायची. वडील उठायचे आणि सुई उचलून पुढं ठेवायचे. ती नेमकी तिसऱ्या कडव्यावर पडायची.

आईनं गौळण तशीच पाठ केली आणि भजनी मंडळातल्या बायकांना शिकवली. पहिल्या कडव्यात गवळणी तक्रार घेऊन येतात, तिसऱ्यात यशोदा कृष्णाला दाव्यातून सोडवते. त्याला बांधलं कधी, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी रांजणगावला कंपनीत लागलो. रेकॉर्डचा आवाज मोबाइलपेक्षा भरीव असतो, असं कुठंतरी वाचून प्लेअर शिक्रापूरच्या खोलीवर नेला. रस्त्यावरून ट्रक गेला की खोली हादरायची आणि सुई चरा नसलेल्या जागीही उडायची. प्लेअर परत घरी आणला. दिवाळीत ब्लूटूथ स्पीकर नेला आणि आधी रेकॉर्ड, मग मोबाइलवरून तेच गाणं लावलं.

"ही बाई मधीच काय म्हणतीय?" आई म्हणाली.

"दुसरं कडवं हाय ते."

"कशाचं?"

"तुझ्याच गौळणीचं."

आईनं ते पुन्हा लावायला सांगितलं. वडील म्हणाले, "आवाज सोच्छ हाय, पण बाई लांब हुबी राहून गातीय. रेकॉर्डवर कशी घरात बसल्यावानी वाटती."

"लांब असूद्या," आई म्हणाली. "सगळं म्हणतीय तरी."

तिनं कडवं पाठ केलं. पुढच्या एकादशीला मंडळात ती दुसरं म्हणू लागली आणि बाकीच्या बायका सवयीनं तिसऱ्यावर गेल्या. आई बांधत होती, बाकीच्या सोडवत होत्या. ढोलकी थांबली. आईनं सगळा प्रकार सांगितला. मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकूंनी ऐकून घेतलं.

"इतकी वर्सं सोडवलं," त्या म्हणाल्या, "आता कशाला बांधायचं लेकराला?"

ढोलकी तिसऱ्या कडव्यावरून पुन्हा सुरू झाली.

आता मंडळात ती पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जाते. घरी भाकरी थापताना मात्र तिन्ही कडवी म्हणते, आणि दुसऱ्याला आवाज जरा चढवते.